हरणाऱ्याला गुण कशासाठी?

मार्च संपत आला की कॅलगरीतल्या आमच्या घरी रोज सकाळी दोन गुणतक्ते वाचले जातात. एक फ्लेम्सचा, म्हणजे या शहराच्या खऱ्याखुऱ्या आइस हॉकी संघाचा. दुसरा सांगलीचा. सांगलीचा संघ कुठल्याच बर्फावर उतरत नाही. तो संगणकातल्या एका लीगमध्ये आहे आणि मी त्याची व्यवस्थापक आहे. सोळा संघांची ही लीग. काही संघ माझ्यासारखी नोकरदार माणसं चालवतात, बाकीचे संगणक सांभाळतो. खेळाडू झाडून सगळे कल्पित, नियम मात्र एनएचएलचे, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचे, जसेच्या तसे. रात्री संगणक सामने खेळवतो आणि सकाळी चहाबरोबर निकाल हाती येतात.

लीगचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटातून चार संघ बाद फेरीत जातात. सांगली आज पाचवी आहे, चौथ्या संघापेक्षा तीन गुणांनी मागे. हंगामाचे शेवटचे आठवडे म्हणजे व्यवस्थापकाच्या डोक्याला नुसता भुंगा. माझा पहिला गोलरक्षक चौतिशीचा आहे. लागोपाठ दोन रात्री खेळवला की त्याच्या नावापुढचा थकव्याचा आकडा लाल होतो. मग दुसऱ्या रात्री राखीव गोलरक्षक उभा करायचा, पण कुठल्या संघासमोर? ट्रेडची मुदत संपायच्या आदल्या रात्री मी एक अनुभवी बचावपटू घेतला आणि त्याच्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीतली (ड्राफ्टमधली) पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड देऊन टाकली. उद्याचं विकून आजचं घेणं हा या दिवसांतला नेहमीचा व्यवहार, आणि तो मला पटतो. बाद फेरीत जायची संधी समोर असताना हात आखडता घेणाऱ्या व्यवस्थापकाने संघ चालवू नये.

पण या दिवसांतली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. तिच्याबद्दल लिहिण्याचं कारण असं की भारतात सध्या कबड्डी, खो-खो, हॉकी अशा खेळांच्या लीग उभ्या राहत आहेत किंवा नव्याने सुरू होत आहेत. कुठल्या निकालाला किती गुण द्यायचे, हे तिथेही कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. गुण कसे वाटायचे हे एकदा ठरलं की खेळ कसा खेळायचा हेही बरंचसं ठरून जातं.

आइस हॉकीचा सामना साठ मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत. एनएचएलमध्ये विजयाला दोन गुण. साठ मिनिटांत हरलात तर शून्य. पण साठ मिनिटं संपताना बरोबरी असेल, तर दोन्ही संघांच्या खात्यात एकेक गुण जमा झालेला असतो. त्यानंतर पाच मिनिटांचा जादा वेळ, तीन विरुद्ध तीन खेळाडूंचा. तरीही निकाल नाही लागला तर शूटआउट. यात जिंकणाऱ्याला आणखी एक गुण, हरणाऱ्याचा आधीचा गुण त्याच्याकडेच राहतो. इकडे त्याला ‘लूजर पॉइंट’ म्हणतात. याचा परिणाम असा की काही सामन्यांतून दोन गुण वाटले जातात आणि काहींतून तीन. तिसरा गुण कुणीच कमावलेला नसतो. दोघांनी मिळून सामना लांबवला, एवढ्यासाठी तो मिळतो.

हा गुण बंद व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

शेवटच्या आठवड्यांत व्यवस्थापक प्रत्यक्षात काय करतो ते सांगते. आमच्या प्रणालीत तिसऱ्या सत्रासाठी एक वेगळं पान आहे. आघाडीवर असाल तर कसं खेळायचं, मागे असाल तर कसं, आणि बरोबरी असेल तर कसं, असे तीन रकाने. प्रत्येकात एक ते पाच आकडा भरायचा. पाच म्हणजे सगळे पुढे, एक म्हणजे सगळे आपल्या गोलासमोर. मार्च उजाडला की बहुतेक व्यवस्थापक ‘बरोबरी’च्या रकान्यात एक किंवा दोन भरतात. समोरचा संघ दुसऱ्या गटातला असेल तर नक्कीच, कारण त्याला मिळणारा गुण आपल्याला कधी आडवा येत नाही. त्याचंही तसंच. दोघांनी तिसरं सत्र ढकलायचं, एकेक गुण खिशात घालायचा आणि मग खेळायला सुरुवात करायची. यासाठी कुणाला फोनही करावा लागत नाही. नियमच ती जुळवाजुळव करून देतो.

परवा असाच एक सामना झाला. समोर दुसऱ्या गटातला, मिसिसागाच्या एका गृहस्थांचा संघ. दोन सत्रांनंतर 2-2. सामन्याचा लेखी अहवाल मी ओळ न् ओळ वाचते. पहिल्या दोन सत्रांत वाचताना दम लागावा असा खेळ होता : पोस्टवर आदळून परतलेले फटके, एक पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा, गोल, माझ्या एकोणीस वर्षांच्या विंगरने तिघांना चुकवून मारलेला दुसरा. तिसऱ्या सत्रात मात्र तीच तीच ओळ : पक (खेळायची चकती) मधल्या पट्ट्यात, पक फळीला लागून, पक मागे, खेळाडूंची बदली. वीस मिनिटांत त्यांचे गोलाच्या दिशेने तीन फटके, आमचे दोन. शेवटच्या सहा मिनिटांत एकही नाही. सत्र संपलं, गुण वाटले गेले, आणि जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटात दोन्ही गोलांवर मिळून चार फटके! तेच खेळाडू, तोच थकवा. मधे बदललं होतं ते एवढंच की आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. शूटआउटमध्ये आम्ही हरलो.

माझा भाचा पुण्यात असतो आणि आमच्याच गटातला एक संघ चालवतो. त्याने लगेच कळवलं, “आत्या, एक गुण मिळाला ना? मग तक्रार कसली?” तक्रार त्याच रात्रीच्या दुसऱ्या निकालाची होती. सांगलीच्या पुढे असलेले तिसरा आणि चौथा हे संघ एकमेकांशी खेळले. मागून येणाऱ्याला अशा सामन्यात आशा असते, कारण दोघांपैकी एक तरी हरणारच. तो सामना जादा वेळेत गेला. एकाला दोन गुण, दुसऱ्याला एक. आपल्यापुढचे दोन संघ एकमेकांशी झुंजतात आणि दोघेही पुढे सरकतात, हे ज्याने मार्चच्या शेवटी पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल.

भाच्याचं म्हणणं, “नियम आहे तो, आत्या. नियमात बसतं ते करायचं.” बरोबरच आहे. व्यवस्थापकाने नियमात बसणारं सगळं करावंच, मीही करते. म्हणून तर बोट नियमाकडे दाखवायला हवं. त्या रकान्यात एक भरणाऱ्या माणसाला भित्रा म्हणून काही साधत नाही. त्याला तसं वागण्याचा मोबदला कोण देतं, ते पाहावं.

हा गुण आला कसा तेही पाहण्यासारखं आहे. एनएचएलने 1983-84 मध्ये पाच मिनिटांचा जादा वेळ पुन्हा आणला. तेव्हा त्यात हरणाऱ्याला शून्य मिळे आणि बरोबरी कायम राहिली तर दोघांना एकेक. साहजिकच हातातला एक गुण जाऊ नये म्हणून संघ ती पाच मिनिटं जपून खेळत. ते कंटाळवाणं होतं म्हणून 1999-2000 पासून तो गुण आधीच पक्का करण्यात आला : आता बिनधास्त खेळा. संघ जादा वेळेत बिनधास्त खेळू लागले, हे खरं. पण जपून खेळणं संपलं नाही, ते तिसऱ्या सत्रात जाऊन बसलं. नव्या नियमानंतर जादा वेळेत जाणाऱ्या सामन्यांचं प्रमाण वाढलं, हे जेसन अब्रेवाया या अर्थशास्त्रज्ञाने 2004 मध्ये दाखवलं. पुढे 2005-06 मध्ये शूटआउट आला आणि बरोबरी हा निकालच संपला. 2015-16 मध्ये जादा वेळ तीन विरुद्ध तीनचा झाला. बरोबरीच राहिली नाही, तर बरोबरीचा गुण तरी का राहावा? तो राहिला. आजारासाठी दिलेलं औषध आजार गेल्यावरही चालू ठेवावं तसं हे झालं आहे.

माझ्या शहराचंच उदाहरण घ्या. 2024-25 च्या हंगामात फ्लेम्सने 82 पैकी 41 सामने जिंकले आणि 41 हरले. बरोबर निम्मे. पण तक्त्यात ते असं दिसत नाही. तक्ता म्हणतो 41-27-14, कारण चौदा पराभव जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले. गुण झाले 96. सेंट लुईस ब्लूजने 44 सामने जिंकले, त्यातले बारा मार्च-एप्रिलमध्ये लागोपाठ, आणि त्यांचेही गुण 96. तीन सामने जास्त जिंकलेला संघ आणि निम्मे हरलेला संघ एकाच पायरीवर! शेवटी साठ मिनिटांत मिळवलेल्या विजयांच्या निकषावर ब्लूज बाद फेरीत गेले आणि फ्लेम्स बाहेर राहिले. 96 गुण मिळवून बाहेर राहण्याची वेळ त्याआधी 2015 मध्ये बॉस्टनवर, 2018 मध्ये फ्लोरिडावर आणि 2019 मध्ये मॉन्ट्रियलवर आली होती. इथे लोक हळहळले. फ्लेम्स माझाही संघ आहे, त्या रात्री मलाही वाईट वाटलं. तरीही निकाल न्यायाचा होता. ब्लूज जास्त जिंकले होते. गुणतक्त्याने ते सरळ सांगायला हवं होतं, बरोबरी सोडवायच्या निकषापर्यंत जायची गरजच पडायला नको होती.

तो निकषही लक्षात घेण्यासारखा आहे. 2019-20 पासून समान गुण असतील तर साठ मिनिटांत जिंकलेले सामने सर्वांत आधी मोजतात, शूटआउट-जादा वेळेतले नाहीत. म्हणजे खरा विजय कोणता, हे लीगला पक्कं ठाऊक आहे. फक्त ते ज्ञान हंगामाच्या शेवटच्या दिवसासाठी कुलपात ठेवलेलं असतं.

आणि ते कुलूप उघडलं की काय होतं, ते 16 एप्रिल 2024 च्या रात्री फिलाडेल्फियात दिसलं. फ्लायर्स विरुद्ध वॉशिंग्टन कॅपिटल्स, 1-1 अशी बरोबरी, तिसऱ्या सत्राची शेवटची तीनेक मिनिटं उरलेली. फ्लायर्सना जादा वेळेतला विजय उपयोगाचा नव्हता, साठ मिनिटांतच जिंकायला हवं होतं. प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला यांनी बरोबरी असताना आपला गोलरक्षक सॅम्युअल एरसन बाहेर बोलावला आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू हल्ल्याला पाठवला. आइस हॉकीत मागे पडलेला संघ असं करतो, बरोबरीत सहसा कुणी करत नाही. काही सेकंदांत टी. जे. ओशीने मोकळ्या गोलात पक ढकलला. वॉशिंग्टन 2-1 ने जिंकलं आणि बाद फेरीत गेलं. त्यांचे 91 गुण, डेट्रॉइटचेही 91, आणि तिथेही निर्णय साठ मिनिटांतल्या विजयांवरच लागला. फ्लायर्स हरले, पण तिसऱ्या सत्राची ती मिनिटं मी विसरणार नाही. जिंकण्यावाचून दुसरं काही मोलाचं नसतं तेव्हा संघ असे खेळतात. लूजर पॉइंट हे दर मार्चमध्ये प्रेक्षकांकडून हिरावून घेतो.

हरणाऱ्याला गुण देणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. प्रो कबड्डीत अनेक हंगाम विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्याला एक गुण होता. यू मुंबा किंवा पुणेरी पलटणचे सामने पाहिलेल्यांना आठवत असेल, दहा गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडून खेळायचा, कारण पराभव सातच्या आत आणला तरी हाती काही लागणार होतं. तो गुण झुंजीसाठी होता आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तो पक्का नसे. एनएचएलचा गुण याच्या अगदी उलट वेळी मिळतो : निकाल लागायच्या आधी, आणि झुंज थांबवल्याबद्दल.

उपाय नवा शोधायचा नाही, तो आधीच वापरात आहे. साठ मिनिटांत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर दोन, तसे हरलात तर एक, साठ मिनिटांत हरलात तर शून्य. सामना कसाही संपो, गुण तीनच वाटले जातात. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत हीच पद्धत आहे. आपल्या मैदानी हॉकीच्या प्रो लीगमध्येही हिशेब जवळजवळ असाच : सरळ विजयाला तीन, बरोबरीत दोघांना एकेक आणि शूटआउट जिंकणाऱ्याला वरचा एक. इंग्लंडच्या फुटबॉलने 1981 मध्ये विजयाचे गुण दोनावरून तीन केले, विश्वचषकाने 1994 मध्ये. कारण तेच होतं, विजय आणि बरोबरी यांच्यातलं अंतर वाढवायचं.

एनएचएलची बाजू घेणारे सांगतात की लूजर पॉइंटमुळे चुरस टिकते, एप्रिल आला तरी निम्मी लीग शर्यतीत असते आणि तिकिटं खपतात. तक्त्यात संघ जवळजवळ दिसतात, हे खरं. पण दिसणं वेगळं आणि गाठता येणं वेगळं. पुढचा संघ हरता हरताही गुण गोळा करत राहिला, तर मागच्याला काहीतरी अचाटच करावं लागतं. 2015 मध्ये ऑटावा सेनेटर्स मागून आले, तेव्हा अँड्र्यू हॅमंड हा अनोळखी गोलरक्षक वीस सामने जिंकून साठ मिनिटांत फक्त एक हरला होता, तेव्हा कुठे जमलं. ब्लूजना बारा विजय ओळीने लागले. तीन गुणांच्या पद्धतीत संघांमधली अंतरंही मोठी होतील, हे मला मान्य आहे. पण एकेक गुणावर तग धरणाऱ्या संघाला सरळ जिंकणारा संघ तिथे झपाट्याने गाठेल. तीन गुणांनी मागे असलेल्या संघाला एका रात्रीत बरोबरी साधता येत असेल तर त्या रात्रीच्या तिकिटाला मोल आहे. शिवाय त्या रात्रीचं तिसरं सत्र पाहण्यालायक असेल, ते वेगळंच.

चुरशीची काळजी खरोखर असेल तर तळाकडेही पाहावं लागेल. बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्या तळाच्या संघांना हंगामानंतरच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून शेवटच्या महिन्यात हरण्यातच फायदा. आमच्या लीगमध्येही हे चालतं. एक व्यवस्थापक महाशय गेले तीन आठवडे पहिला गोलरक्षक उतरवतच नाहीत. पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने यावर सुरेख तोड काढली आहे : बाहेर पडल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवेल त्याला आधी निवड. शेवटच्या सामन्यापर्यंत जिंकण्यातच हित.

जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेली हीच पीडब्ल्यूएचएल पहिल्या दिवसापासून तीन-दोन-एक-शून्य या पद्धतीने चालते. टोरोंटो, मॉन्ट्रियल, ऑटावा ही तिची शहरं एनएचएलचीही आहेत. तिथली माणसं एका दिवशी मुलींचा सामना पाहतात, दुसऱ्या दिवशी पुरुषांचा, आणि तीन गुणांचा तक्ता त्यांना सहज वाचता येतो. त्यामुळे प्रेक्षकांना हिशेब अवघड जाईल, ही सबब आता उरलेली नाही. जुन्या विक्रमांशी तुलना करता येणार नाही ही दुसरी सबब, पण ती तुलना 1999 मध्येच मोडली. आणि 2026-27 पासून एनएचएल 82 ऐवजी 84 सामन्यांचा हंगाम खेळवणार आहे. वेळापत्रक, विक्रम, सरासऱ्या सगळंच नव्याने मांडावं लागणार असेल, तर गुणांची पद्धतही त्याच वेळी बदलावी.

आमच्या लीगमध्ये पुढच्या हंगामाच्या नियमांवर मतदान व्हायचं आहे आणि तीन गुणांचा प्रस्ताव मी मांडला आहे. भाचा अजून विरोधात आहे. त्याचा संघ सध्या चौथा आहे आणि त्याचे बरेच गुण जादा वेळेतल्या पराभवांतून आलेले आहेत. मिसिसागाच्या गृहस्थांनी मात्र पाठिंबा कळवला. त्या सामन्याचं तिसरं सत्र त्यांनीही वाचलं होतं.